जावा बेटावरच्या लोककथांत स्त्री आणि निसर्गाचं नातं कसं दिसतं? इकोफेमिनिस्ट नजरेने, म्हणजे बाई आणि निसर्ग या दोघांवरची सत्ता एकत्र तपासत, कोणती कथा आधी वाचावी?

आधी रोरो जोंगरांग वाचा. जावातल्या प्रंबाननच्या देवळांना गेलो होतो तेव्हा याच कथेवरून माझं थोरल्या दिरांशी वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथल्या नवव्या शतकातल्या शिवमंदिरात उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. आपण दुर्गा म्हणून हात जोडतो, तिथले लोक तिला रोरो जोंगरांग म्हणतात. कथा अशी: बांडुंग बोंडोवोसो नावाच्या योद्ध्याने राजाला मारलं आणि त्याच्याच मुलीला, रोरो जोंगरांगला, मागणी घातली. तिने एका रात्रीत हजार देवळांची अट घातली. भुतांकरवी 999 झाली, तेवढ्यात तिने खोटी पहाट केली. चिडून त्याने तिलाच दगड करून हजार पुरे केले. गाइडचं सांगून होतंय तोच भावोजी म्हणाले, "शब्द फिरवला की असंच व्हायचं."

कसला शब्द? बापाच्या मारेकऱ्याला सरळ नकार द्यायची सोय तरी होती का तिला? आणि पहाट केली कशी, ते बघा. गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावलं, पूर्वेला पेंढा पेटवला. मुसळांचे घाव ऐकून कोंबडे आरवले, भुतं पळाली. बायका कामाला लागल्या म्हणजे उजाडलं, हे कोंबड्यांनाही ठाऊक! राज्य आणि राजकन्या एकाच तलवारीने घ्यायला निघालेला माणूस हरला तो बायकांच्या रोजच्या कष्टापुढे.

मग नावांग वुलानची कथा वाचा. जाका तारुब नावाचा माणूस तिचा शेला चोरतो म्हणून ही अप्सरा पृथ्वीवर अडकते, त्याची बायको होते. एका लोंबीत भांडंभर भात करते. नवरा झाकण उघडून बघतो, जादू मोडते आणि तेव्हापासून तिला रोज कांडावं लागतं. कणगी रिकामी होते, तळाशी शेला सापडतो, ती निघून जाते.

"बाईला धरणी मानणं हा मानच की," हे भावोजींचं दुसरं पालुपद. मला मुळीच पटत नाही. देवी श्री ही तिथली भाताची देवी. ती घाबरू नये म्हणून बायका तळहातात लपणाऱ्या आनि-आनि नावाच्या पात्याने लोंब्या कापत. 1970 च्या दशकात नव्या वाणांबरोबर विळा आला, व्यापारी कापणीला आपल्याच मजुरांच्या टोळ्या आणू लागले, आणि कितीतरी बायकांचा कापणीतला वाटा बुडाला. देवीचा मान तसाच होता, त्याने कुणाची मजुरी वाचली नाही.

अर्थात या कथांचे पाठ गावागणिक बदलतात. शिवाय 2016 मध्ये जावातल्याच केंडेंग डोंगरभागातल्या शेतकरी बायका सिमेंट कारखान्याविरुद्ध जाकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर पाय सिमेंटमध्ये रोवून बसल्या, तेव्हा त्याही धरणीला आई म्हणतच लढत होत्या. त्यांना तो हक्क आहे, जमीन आणि पाणी त्यांचं जाणार होतं. कधी शेतात न वाकलेल्या माणसाने तेच ऐकवलं, तर मी पुन्हा भांडेन.