सोलापूरच्या माळावर पक्षी टिपायचेत ना, मग आधी लेन्स ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड लाखाचं बजेट, राहायला सोलापुरात, सुट्टीला नान्नज नाहीतर हिप्परगा तलाव, वर्षातून दोनतीनदा भिगवणला उजनीच्या पाण्यावर, सध्या हातात जुना डीएसएलआर (आरशाचा जुन्या पद्धतीचा कॅमेरा) आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची छोटी लेन्स, आणि विचारताय की कॅनन घेऊ, निकॉन घेऊ का सोनी. मी याच माळावर बरीच वर्षं फिरतोय आणि पैसे चुकीच्या जागी घालून झालेत, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

कंपनीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी हे बघा की तुम्ही फोटो काढणार कुठं. भरतपूर किंवा कोकणातल्या जंगलासाठी लोक जे सल्ले देतात ते आपल्याकडं जसेच्या तसे चालत नाहीत. आपला माळ उघडा, आडोसा नाही, पक्षी जमिनीवर आणि जमिनीच्याच रंगाचे, धूळ आहे, कुसळं आहेत आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऊन. या उन्हानं मला जे शिकवलं ते आधी सांगतो.

मी पहिल्यांदा १५०-६०० लेन्स घेतली तेव्हा एप्रिल चालू होता. वाटलं आता काय, ६०० मिलिमीटर हातात आलंय (हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं), धाविक, म्हणजे माळावर पळणारा तो मातकट पक्षी, कसा टिपतो बघाच. सकाळी आरामात नाश्ता करून साडेनऊ-दहाला माळावर पोचायचो, गाडीतनं धाविक दिसायचा, ऐंशी-शंभर मीटरवर, धडाधड शंभर फोटो काढायचो आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर एकही शार्प नाही, पिसं म्हणजे नुसता लगदा, डोळ्याच्या वरची ती पांढरी पट्टी पण लोण्यासारखी पसरलेली. महिनाभर हेच. फोकस मायक्रो ॲडजस्टमेंट करून झाली, ट्रायपॉड करून झाला, शेवटी लेन्स सर्व्हिसला पाठवली, तीन आठवडे गेले आणि पैसे भरून उत्तर आलं की लेन्समध्ये काही दोष नाही. माझा विश्वास बसला नाही, विकायलाच काढली होती. मग डिसेंबरात सकाळी सातला त्याच जागी, तीच लेन्स, तोच कॅमेरा, आणि डोंबारी चंडोलाचं एकेक पीस मोजता येईल असा फोटो आला. मी गाडीतच बसून राहिलो कितीतरी वेळ.

लेन्स बरोबरच होती, मधली हवा हलत होती. जमीन तापली की तिला लागून असलेली हवा तापते, वरची त्या मानानं गार, दोन्हींची घनता वेगळी, त्यामुळं प्रकाश सरळ येत नाही, वाकत-हलत येतो. लांबच्या डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसतं ना, तेच तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये चालू असतं. डोळ्याला जाणवत नाही, पण ६०० च्या लेन्समधून ते सगळं मोठं होऊन दिसतं. आणि यावर कुठल्याच कंपनीकडं इलाज नाही, पाच लाखाची लेन्स लावा नाहीतर दहा लाखाची. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आपल्याकडं, तेव्हा आठ-साडेआठनंतर लांबचा पक्षी सोडूनच द्यायचा. गाडीच्या बॉनेटवरून फोटो काढू नका, इंजिनाची वाफ मध्ये येते. एसी लावून बसलात आणि एकदम काच खाली केलीत तरी तोच प्रकार होतो, आधी पाच मिनिटं काचा खाली करून इंजिन बंद करून बसा.

हे सगळं कॅमेऱ्याच्या प्रश्नात कशाला, तर बरेच जण ४०० पुरत नाही म्हणून ६०० घेतात, ६०० पुरत नाही म्हणून ८०० च्या मागं लागतात, आणि खरी अडचण अंतराची असते. साधा हिशेब करा. धाविक पाव मीटरचा पक्षी. शंभर मीटरवरून ६०० नं काढला तर सेन्सरवर त्याचं चित्र दीड मिलिमीटर येतं. क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, त्याची उंची साधारण १५ मिलिमीटर, म्हणजे फ्रेमचा दहावा भाग. तोच पक्षी तीस मीटरवर असेल तर ४०० मध्येसुद्धा सव्वातीन मिलिमीटर येतो, दुपटीहून जास्त, आणि मधली हवा पण एक तृतीयांशच राहते. म्हणून माळावर गाडी हीच तुमची लपणी, ती रस्त्यावरच ठेवून गप्प बसणं ही निम्मी फोटोग्राफी आहे. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, दार उघडून उतरलेल्या माणसाला घाबरतात.

आता गिअर. माझ्या मते बजेटचा निम्म्याहून जास्त पैसा लेन्सवर गेला पाहिजे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते, चांगली टेलि लेन्स दहा-बारा वर्षं सहज चालते. आणि क्रॉप सेन्सरच घ्या, फुल फ्रेमचा मोह या बजेटमध्ये नको. निकॉन-सोनीला १.५ आणि कॅननला १.६ पट फ्रेमिंग मिळतं, म्हणजे ४०० ची लेन्स कॅननच्या क्रॉपवर ६४० सारखी दिसते, आपल्या छोट्या चंडोलांना ते हवंच असतं.

बाइकवरून फिरणार असाल, पाठीवर बॅग आणि बरंच चालणं, तर कॅननचा आर१० आणि आरएफ १००-४००. बॉडी बॅटरीसकट ४२९ ग्रॅम आणि लेन्स ६३५, सगळं मिळून एक किलोच्या जरा वर, गळ्यात घालून दिवसभर हिंडा. पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरतो, भिगवणला नावेत तर हा सेट अप्रतिम वाटतो कारण नावेत ट्रायपॉडचा उपयोगच नाही, सगळं हातातच धरायचं. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ४०० ला ही लेन्स एफ ८ आहे (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान). एफ ५.६ च्या मानानं प्रकाश निम्मा, म्हणजे पहाटे जिथं दुसऱ्याचा आयएसओ १६०० असतो तिथं तुमचा ३२००, आणि आयएसओ वाढला की फोटो दाणेदार होतो. आणि पहाट हीच तर आपली वेळ, हे वर सांगितलंच. दुसरं म्हणजे या दोन्हीला धूळ-पाण्यापासूनचं सीलिंग नाही. आपल्या फुफाट्यात लेन्स बदलत बसू नका, एकदा लावली की लावली, आणि बॅगेत प्लास्टिकची पिशवी असूच द्या.

गाडी असेल, खिडकीतनं फोटो काढणार असाल, तर मी तुमच्या जागी असतो तर निकॉनची २००-५०० एफ ५.६ घेतली असती, सेकंडहँड. २०१५ ची लेन्स आहे, पाचशेपर्यंत एफ ५.६ कायम राहतं. सव्वादोन किलोच्या पुढं जाते, हातात धरून पंधरा मिनिटांत खांदा भरून येतो, झूम केली की नळी बाहेर येते आणि नळीबरोबर धूळ आत जायची शक्यता, फोकस पण काही विजेसारखा नाही. तरी या पैशात एवढी शार्प लेन्स मला दुसरी माहीत नाही. तिच्यामागं निकॉनचाच डी५०० जुना मिळाला तर सोनं. २०१६ चा कॅमेरा, २०२२ मध्ये बंद झाला, पण १५३ फोकस पॉइंट, सेकंदाला दहा फोटो आणि बॉडी अशी की माझा मित्र धुळीच्या वावटळीत घेऊन उभा होता तरी काही झालं नाही. आता नवीनच मिररलेस (बिनआरशाची) बॉडी हवी तर निकॉनचा झेड५० टू घ्या आणि जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारा एफटीझेड ॲडॅप्टर लावून हीच २००-५०० वापरा, पक्षी ओळखणारा फोकस मिळतो, पुढं कधी पैसे जमले तर निकॉनच्या १८०-६०० वर जाता येतं. ती झूम करताना लांब होत नाही, आपल्या धुळीत मला ही मोठी गोष्ट वाटते. पण नवी घ्यायची तर एकटी लेन्सच तुमचं सगळं बजेट खाऊन टाकेल, आता तो विचार नको.

सोनीबद्दल थोडक्यात. २००-६०० लेन्स उत्तमच आहे, ती पण झूमला लांब होत नाही, आणि ए६७०० पक्षी छान पकडतो, पण दोन्ही मिळून दीड लाखात बसत नाही. जुना ए६४०० स्वस्त पडतो म्हणून घ्याल, तर त्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय आहे, पक्ष्यांची नाही, हे माहीत असू द्या.

आणखी एक गोष्ट. तुमच्याबरोबर माळावर कोण येतं आणि त्यांच्याकडं काय आहे ते बघा. आमच्या चौघांचा माउंट (लेन्स बॉडीला बसते ती खाच) एकच, त्यामुळं कुणाची लेन्स सर्व्हिसला गेली तर दुसरा देतो, लेन्सची पोच वाढवणारा कन्व्हर्टर एकच आणि चौघं वापरतो. मोठ्या दुरुस्तीला आम्हाला कॅमेरा पुण्याला पाठवावा लागतो, अशा वेळी मित्राची लेन्स म्हणजे आधार. सिस्टिम निवडताना हे स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कुठं लिहिलेलं नसतं.

सेकंडहँड घेताना घाई नको. लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलची टॉर्च मारा आणि दुसरीकडनं तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं तर ती बुरशी, तिथंच नमस्कार करून परत या, कितीही स्वस्त देऊ देत. बारीक धुळीचे चारदोन कण चालतात, फोटोत दिसत नाहीत. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर चालू-बंद करून बघा, जवळचा-लांबचा फोकस मारून बघा, बॉडीचा शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते, विचारा (डी५०० चं शटर दोन लाखांसाठी टेस्ट केलेलं आहे, तेव्हा ऐंशी हजार ऐकून घाबरू नका) आणि बिलावरचा सीरियल नंबर स्वतः जुळवा. स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि फोटो घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

थोडे पैसे बीनबॅगसाठी, म्हणजे खरं तर लागतच नाहीत. जुन्या जीन्सचा पाय कापा, एक तोंड शिवा, ज्वारी भरा, दुसरं तोंड शिवा. गाडीच्या खिडकीवर ठेवली की अडीच किलोची लेन्स दगडासारखी स्थिर. माझ्यातली ज्वारी मी दरवर्षी पावसाळ्याआधी बदलतो नाहीतर किडे होतात.

सेटिंगचं फार सांगत नाही, हाताला सवय झाली की जमतं. शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/८०० च्या आसपास, उडत्याला १/२५०० च्या खाली नको, मॅन्युअल ठेवून आयएसओ ऑटो. एकच सांगतो, डोळा ओळखणाऱ्या फोकसवर गवतात भरवसा ठेवू नका. पुढच्या काड्यांवर जाऊन बसतो आणि मागं तितर मस्त उभा असतो. तिथं एकच छोटा पॉइंट घेऊन काड्यांच्या मधल्या फटीतनं डोक्यावर धरायचा. थंडीत संध्याकाळी भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) गवतावरून खालून उडत येतात तेव्हा मात्र मोठा झोन लावा.

आणि हे शेवटी लिहितोय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते माळढोकासाठी, आणि आज काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे, पण ज्याच्यासाठी झालं तोच पक्षी दिसेनासा झालाय. मी ते डोळ्यासमोर होताना बघितलंय आणि त्याचा त्रास अजून होतो. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात, मातीत एक साधी खळगी, गाडी माळात घातली तर चाकाखाली काय गेलं तुम्हाला कळणार पण नाही. गाडी रस्त्यावरच. घरट्याचे फोटो नाहीत, मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलवायचे नाहीत, आणि लांडग्याची गुहा कुणी दाखवली तर तिथनं निघून या आणि लोकेशन पुढं पाठवू नका.

पैसे देण्याआधी एक करा. येत्या रविवारी मी सकाळी सहाला बार्शी रोडनं नान्नजला जाणार आहे, माझ्याकडं २००-५०० आहे आणि माझ्या मित्राकडं आर१० आणि १००-४००. तुमचं एसडी कार्ड आणा, दोन्ही तासभर वापरा, कार्ड घरी घेऊन जा. खांदा किती दुखतो आणि फोटो कुठले आवडतात ते तुमचं तुम्हाला कळेल. टोपी आणि पाणी आणा, बूट घाला, चपलेवर कुसळं सोडत नाहीत.