काकांचं विमान, तुमचा डबा आणि 500 चा स्टॅम्पपेपर

प्रश्न: भोसरीत माझं छोटं इलेक्ट्रॉनिक्स युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. वडिलांचे जुने सहकारी, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, मोशीजवळच्या शेडमध्ये किट आणून दोन आसनी विमान बांधताहेत. प्रमाणित इंजिन मॉनिटर त्यांना परवडत नाही. ऑइल प्रेशर, सिलिंडरचं तापमान आणि इंधनाचा प्रवाह दाखवणारा डिस्प्ले मी करून द्यावा, सुट्या भागांचे पैसे ते देतील, असं ठरतंय. ते म्हणतात, "पोरी, जबाबदारी सगळी माझी, 500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून देतो." एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. कागद जरूर करा, पण तो कुणाकुणाला बांधतो ते आधी बघा. बांधतो तो फक्त काकांना. शेजारच्या सीटवर बसलेल्या भाच्याने किंवा ज्याच्या उसात विमान उतरलं त्या शेतकऱ्याने त्यावर सही केलेली नाही. त्यांचा दावा तुमच्यावर थेट येऊ शकतो. कुणाचा जीव गेला, तर पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लावू शकतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि फौजदारी जबाबदारी कुणी कुणाच्या नावावर लिहून घेऊ शकत नाही.

काकांचंच काही बरंवाईट झालं तर मात्र कागद कामाला येईल. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्यात वारसांचा दावा एका प्रश्नावर उभा राहतो: ती व्यक्ती जगली असती तर तिला स्वतःला दावा करता आला असता का? काकांनी सगळं समजून-उमजून सही केली असेल, तर हा मुद्दा तुमच्या वकिलाला मांडता येईल.

"नफा घेत नाही" याचा मात्र उपयोग नाही. सुट्या भागांचे पैसे हाही मोबदलाच. मोबदला आला की ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ची वाट मोकळी होऊ शकते, आणि काकांच्या संमतीने विमान वापरणाराही त्यात ग्राहक ठरू शकतो. कलम 84 नुसार वस्तूची रचना सदोष असेल, बनवताना दोष राहिला असेल किंवा पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर उत्पादक जबाबदार. लेखी हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर "माझा निष्काळजीपणा नव्हता" हा बचावही चालत नाही. म्हणून "विमानासाठी योग्य", "एअरक्राफ्ट ग्रेड" असले शब्द बिलावर, व्हॉट्सॲपवर कुठेही लिहू नका.

कलम 87 मध्ये सुट्या भागाच्या उत्पादकाला एक सूट आहे. भाग दुसऱ्या वस्तूत बसवण्यासाठी विकला असेल आणि आवश्यक इशारे खरेदीदाराला दिले असतील, तर "सूचना दिल्या नाहीत" हा आरोप टिकत नाही. सूट तेवढ्यापुरतीच, सोल्डरिंग कच्चं निघालं तर ती वाचवणार नाही. तरी ती मिळवायची असेल तर दोन पानांचं सूचनापत्रक द्या आणि प्रत्येक पानावर काकांची सही घ्या. त्यात स्पष्ट लिहा: हे उपकरण प्रमाणित नाही, ऑइल प्रेशर आणि इंधनासाठी वेगळे यांत्रिक गेज बसवलेच पाहिजेत, पडदा काळा पडला तर त्या गेजांवर विसंबून उतरायचं. सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि चाचण्यांचे फोटो जपा. बुधवार पेठेतून आणलेल्या कनेक्टरचंसुद्धा पक्कं बिल ठेवा. बसवण्याचं काम त्यांनाच करू द्या आणि लॉगबुकात त्यांच्याच हस्ताक्षरात नोंद असू द्या. विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी हा त्यांचा आणि डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) विषय. उपकरण प्रमाणित नाही हे तिथे दडवलं जाणार नाही, एवढं लेखी घ्या.

प्रमाणित उपकरण महाग का, याचं उत्तर निव्वळ सर्किटमध्ये सापडणार नाही. चाचण्या, कागदपत्रं आणि कोर्टकचेरीची भीती हे सगळं मोजक्या ग्राहकांवर वाटलं जातं. अमेरिकेत दाव्यांच्या ओझ्याचं कारण देत सेस्नाने 1986 मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. 1994 मध्ये 18 वर्षांहून जुन्या छोट्या विमानांवरचे आणि सुट्या भागांवरचे दावे रोखणारा कायदा आला, तेव्हा कंपनी पुन्हा त्यात उतरली. आपल्याकडे असं कवच नाही. काकांचे जे पैसे वाचताहेत, ती जोखीम तुमच्याकडे सरकते आहे.

आणि प्रोप्रायटरशिपमध्ये युनिट आणि तुमचा राहता फ्लॅट यांच्यात कायदा भिंत मानत नाही. प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर कंपनीच्या देण्यांपासून घर बरंचसं वाचतं, पण तुमच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाची वैयक्तिक जबाबदारी राहतेच. विम्याची पॉलिसीही काढून वाचा. उत्पादन जबाबदारीच्या पॉलिसीत विमानाला बसवलेल्या वस्तू वगळणारं कलम बहुधा असतंच. एजंटच्या "होऊन जाईल मॅडम"वर जाऊ नका, विमा कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागवा.

उत्तर नकारार्थी आलं तर माझा सल्ला असा: डिझाइन काकांना मोफत द्या, तेही "शिकण्यापुरतं" असं लिहून, आणि बोर्ड त्यांना स्वतः जोडू द्या. मोबदला नसला की ग्राहक आयोगाचा मार्ग जवळपास बंद होतो. दिवाणी दाव्याची शक्यता उरते, पण तिथे निष्काळजीपणा समोरच्याला सिद्ध करावा लागतो. काका थोडे रागावतील. त्यांच्या ओळखीतलं दुसरं कुणी "मलाही एक बनवून दे" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. एका परिचिताला केलेली मदत आणि चौघांना विकलेला माल यात कोर्ट फरक करतं.