‘मदर २’ हा जपानी गेम चार वर्षं रखडला होता आणि मग एका माणसाने तो सहा महिन्यांत नव्याने लिहिला, हे खरं आहे का? आणि अमेरिकेत तो का आपटला?

खरं आहे, पण ही गोष्ट सांगताना लोक तिचा महत्त्वाचा भाग गाळतात. मी पोटासाठी प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळे मला तो गाळलेला भागच जास्त खुपतो.

‘मदर’ मालिका शिगेसातो इतोई यांची. हा माणूस मूळचा गेमवाला नव्हेच. जाहिरातींच्या ओळी लिहिणारा, आणि त्यात जपानभर नावाजलेला. पहिला ‘मदर’ १९८९ साली निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनवर आला (आपल्याकडे ज्याच्या नकला पिवळ्या कॅसेटांसकट घरोघरी होत्या, तेच मशीन). पुढे सुपर फॅमिकॉम या त्याच्या पुढच्या मशीनसाठी दुसरा भाग हाती घेतला आणि तो रुतला. चित्रं होती, संगीत होतं, कथा होती, पण प्रोग्रॅम काही केल्या उभा राहीना. अशी चार वर्षं गेली.

तेव्हा मदतीला आले सातोरु इवाता, जे पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले ते. त्या वेळी ते एचएएल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. ती कंपनी स्वतःच कर्जात बुडालेली, आणि १९९३ मध्ये तिचं अध्यक्षपद इवातांच्या गळ्यात पडलेलं. त्यांनी सगळा पसारा पाहिला आणि सांगितलं ते साधारण असं: आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, नव्याने लिहू दिलंत तर अर्धं वर्ष.

हे वाक्य आमच्या धंद्यात फार मिरवलं जातं. ज्याला जुना कोड बघून कंटाळा येतो, तो हेच पुढे करतो. माझ्या एका जुन्या नोकरीत ‘सगळं नव्याने लिहू’ म्हणून आम्ही चौदा महिने घालवले, आणि माझ्या माहितीप्रमाणे जुनी सिस्टिम तिथे अजून चालू आहे.

गाळला जातो तो भाग हा: इवातांनी नव्याने लिहिला तो फक्त प्रोग्रॅम. इतोईंची कथा, चित्रं, संगीत यातलं काही फेकलं नाही. आणि सुरुवात केली ती टूल्सपासून, म्हणजे बाकीच्यांना प्रोग्रॅमरच्या तोंडाकडे न बघता आपापलं काम आत टाकता येईल, बदलून बघता येईल अशा साधनांपासून. मला विचाराल तर रखडलेली गाडी निघाली ती यामुळे. अर्ध्या वर्षात गेम चालू झाला खरा, पण तो लगेच दुकानात गेला नाही. आणखी अर्धं वर्ष नुसतं घासूनपुसून लख्ख करण्यात गेलं. २७ ऑगस्ट १९९४ ला तो जपानमध्ये आला. कॅसेट २४ मेगाबिटची, म्हणजे सगळा गेम आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोएवढ्या जागेत.

त्या घासण्यातून काय निघालं ते एका गोष्टीत दाखवतो. लढाईत तुमची शक्ती दाखवणारे आकडे जुन्या रिक्षाच्या मीटरसारखे गरगरत उतरतात. जीवघेणा फटका बसला तरी तुम्ही तत्क्षणी मरत नाही. मीटर शून्यावर पोचायच्या आत उपचार केलेत किंवा लढाई जिंकलीत, तर वाचलात. पाळीपाळीने खेळायच्या संथ लढाईत त्या दोन-तीन सेकंदांत बोटं अशी थरथरतात की विचारू नका.

आणि संवाद! इतोई ते बोलून दाखवायचे, दुसरं कुणीतरी टाइप करायचं. म्हणून ते लिहिलेले वाटतच नाहीत. नायकाचे बाबा अख्ख्या गेममध्ये फक्त फोनवर भेटतात. खात्यात पैसे भरतात, आणि गेम सेव्ह करायचा तोही बाबांना फोन करूनच. आईला बरेच दिवस फोन केला नाही तर मुलाला घरची आठवण येते आणि तो लढाईत हातपाय गाळून उभा राहतो.

आता अमेरिका. तिथे तो ५ जून १९९५ ला ‘अर्थबाउंड’ नावाने गेला. मार्कस लिंडब्लॉम यांनी केलेलं इंग्रजी अजूनही वाखाणलं जातं. किरकोळ काटछाट झाली: इस्पितळांवरचे लाल क्रॉस काढले, बारचा कॅफे केला. घोटाळा झाला तो जाहिरातीत. ‘हा गेम घाण मारतो’ अशा अर्थाची ओळ, सोबत खरवडून वास घ्यायची कार्डं! त्यात चित्रं साधी, मुलांच्या वहीतल्यासारखी, आणि लोकांचे डोळे तेव्हा झगमगाटाकडे. विक्री साधारण १ लाख ४० हजार. युरोपात तर तो थेट २०१३ मध्ये, वी यू या मशीनवर डाउनलोड म्हणून पोचला.

मधल्या काळात त्याला जिवंत ठेवलं ते चाहत्यांनी. ‘अंडरटेल’ हा गाजलेला गेम बनवणारा टोबी फॉक्स त्यांच्यातलाच.

मी स्वतः तो २०२२ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या मशीनवर आल्यावर खेळलो. खेळायला बसाल तर एकच सांगतो. मध्येच एका फोनवर तुमचं, म्हणजे कंट्रोलर धरलेल्या माणसाचं, नाव विचारतात. मी घाईघाईत ‘एएए’ टाकून मोकळा झालो. शेवटच्या लढाईत फार पस्तावलो. तुम्ही खरं नाव टाका.