ट्रिम टॅबसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: माझी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे. दोन वर्षांपूर्वी 18 फुटी फायबरची बोट घेतली, मागे बाहेरून लावलेलं 60 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलरवर टाकून रेवदंड्याच्या खाडीत उतरवतो, वर्षाकाठी 14 फेऱ्या होतात. आम्ही सहा जण बसलो की वेग घेताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे जाते, बोट उजवीकडे कलते. विक्रेत्याने इलेक्ट्रिक ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या फळीला खाली लावायच्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्या) सुचवलेत: बसवून 1,38,000 रुपये, त्यात आपोआप समतोल साधणारा कंट्रोलर 34,000 चा. गॅसच्या दांड्यावर चालणारे साधे टॅब 46,000 ला. इलेक्ट्रिकसाठी 12,900 चे 12 हप्ते देतो म्हणाला, पेट्रोल 20 टक्के वाचेल असंही. की तीन लाखांची एफडी मोडू? मुलीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन जूनमध्ये आहे. घरखर्च आणि घराचा हप्ता धरून महिना 70,000 लागतात. बोटीत लाइफ जॅकेट चार आहेत, तीही आता बदलावी का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. सहा माणसं आणि चार जॅकेट, हे मला वाचवेना. उरलेली दोन पुढच्या फेरीआधी घ्या. जुन्या चारांचे पट्टे आणि फोम तपासा, शंका वाटली तर तीही बदला. हा खर्च टॅबच्या हिशेबात धरूच नका.

आता एफडी. महिना 70,000 म्हणजे तीन लाखांत जेमतेम चार महिने निघतात. तुमच्या धंद्यात बिलाचे पैसे यायला तीन-तीन महिने लागतात, हे अंबडच्या अनेक शेडवाल्यांचे हिशेब बघताना मी जवळून पाहिलंय. त्यात जूनमध्ये कॉलेजची फी. ही एफडी म्हणजे तुमच्या घराचा आधार आहे, ती बोटीसाठी मोडू नये. हप्तेही नकोत. 12,900 गुणिले 12 म्हणजे 1,54,800, वरचे 16,800 हे व्याज. ऐकायला 12 टक्के वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे खरा दर 22 टक्क्यांच्या आसपास पडतो. एफडीवर मिळणारं व्याज आणि हा दर शेजारी ठेवून बघा.

पेट्रोलच्या बचतीचं गणितही मांडून पाहिलं. 14 फेऱ्या, प्रत्येकी दोन तास, तासाला सरासरी 12 लिटर धरले तर वर्षाला 336 लिटर. विक्रेत्याचे 20 टक्के जसेच्या तसे मानले तरी 67 लिटर वाचतील, 105 रुपये लिटरने सुमारे 7,000 रुपये. 1,38,000 फिटायला वीस वर्षं लागतील. बचतीसाठी हे घेऊ नका.

पण टॅब निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. माझं माहेर मुरूडचं, लहानपण होड्यांमध्ये गेलं. नाळ वर गेली की पुढच्या जाळ्याचे तरंगते गोळे दिसत नाहीत, आणि लाटेवर बोट आपटली की बोटीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मणक्याला हादरा बसतो. टॅब खाली केला की त्याच्यावरून जाणारं पाणी खाली वळतं, बोटीची मागची बाजू उचलली जाते आणि नाळ बसते. दोन्ही टॅब वेगवेगळे हलवता येत असतील तर कलही काढता येतो. इंजिनाच्या ट्रिमने, म्हणजे इंजिन बोटीकडे आत किंवा बाहेर झुकवून, नाळ खालीवर होते, कल मात्र जात नाही.

म्हणून आधी फुकटातलं करून बघा. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आहे? उजवीकडे असेल, आणि चालवणाराही उजवीकडे बसत असेल, तर अर्धा कल तिथेच आहे. बॅटरी डावीकडे, शक्य असेल तर पुढे हलवा. वजनदार माणसांना मध्ये बसवा. वेग घेताना इंजिन पूर्ण आत घ्या, बोट पाण्यावर सपाट आली की थोडं बाहेर काढा. दोन-तीन फेऱ्या असं करून पाहा. एवढ्याने भागलं तर टॅबचा विषयच मिटला.

भागलं नाही, तर स्वस्तातले टॅब घेऊ नका. मी सहसा स्वस्त पर्यायाच्या बाजूने असते, इथे नाही. गॅसच्या दांड्यावरचे टॅब वेग वाढला की पाण्याच्या दाबाने आपोआप वर जातात आणि वेग कमी असताना खालीच राहतात, चालवणाऱ्याला बटणाने उचलता येत नाहीत. दुपारनंतर वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहतो. रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखातून परत येताना लाटा पाठीमागून येतात आणि वेग कमी ठेवावा लागतो. अशा वेळी टॅब पूर्ण वर हवेत, नाहीतर नाळ लाटेत रुतते आणि बोट आडवी फिरू शकते. सहा माणसं घेऊन येताना ते बटण तुमच्या हातात असायला हवं.

म्हणजे घ्यायचे तर इलेक्ट्रिक, पण कंट्रोलरशिवाय. 14 फेऱ्यांसाठी हाताने बटण दाबणं पुरेसं आहे. खर्च 1,04,000 वर येतो. विक्रेत्याकडून टॅबचं मापही लेखी घ्या: बोटीच्या एका फुटाला टॅबची एक इंच रुंदी हा ढोबळ ठोकताळा, म्हणजे तुम्हाला प्रत्येक बाजूला 18 इंच. आउटबोर्डपासून पुरेशी जागा राहते का, हे बोटीवर मोजूनच ठरवा.

पैसे असे उभे करा. जो हप्ता तुम्ही विक्रेत्याला द्यायला तयार होतात, तेच 12,900 फेब्रुवारीपासून आरडीत टाका. सप्टेंबरपर्यंत आठ हप्त्यांचे 1,03,200 होतात, व्याज धरून 1,04,000 च्या वर. जूनमध्ये फी अंदाजापेक्षा जास्त आली तर हीच आरडी तिकडे वळवा, टॅब पुढच्या हंगामात. पावसाळ्यात बोट तशीही पाण्याबाहेर असते, त्यामुळे मागच्या फळीला भोकं पाडायला सप्टेंबर सोयीचा. भोकं मरीन सीलंटने नीट भरली नाहीत तर फायबरच्या आत पाणी मुरतं आणि दुरुस्ती टॅबपेक्षा महाग पडू शकते, तेव्हा काम सुरू असताना स्वतः उभे राहा. खाऱ्या पाण्यासाठी टॅबवर झिंकचा तुकडाही लावून घ्या.

तोवर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग उघडून बघा. खाऱ्या पाण्यात दरवेळी बुडतात, आणि नाशिकहून जाता-येता तुम्हाला कसारा घाट उतरायचा, चढायचा आहे.