बी.एड. आहे, पण वर्ग कोणता?

प्रश्न : आमची विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, बालवाडी ते सातवी. तिसरीसाठी आलेल्या उमेदवार बी.एस्सी., बी.एड. असून सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) ही उत्तीर्ण आहेत. त्यांना नेमता येईल का?
– संस्था सचिव, सातारा जिल्हा

उत्तर : तिसरीवर नाही. पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत आहे), दोन वर्षांचे डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचे डी.एड., आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा (राज्याची किंवा केंद्राची सीटीईटी) पेपर १ लागतो. २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना इथे वाट मोकळी केली होती. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. 'बी.एड. म्हणजे वरची पदवी, मग खालच्या वर्गाला का नको?' असे पुष्कळ संस्थाचालक विचारतात. पण बी.एड.ची आखणी मुळात माध्यमिक वर्गांसाठी आहे. अक्षरओळख, अंकओळख कशी करून द्यायची हे डी.एल.एड.मध्ये शिकवतात.

याच बाईंना सहावी-सातवीला विज्ञान-गणित देता येईल, मात्र सीटीईटीचा पेपर २ उत्तीर्ण हवा. प्रमाणपत्रावर पेपर कोणता ते आधी बघा. अर्जात नुसते 'सीटीईटी पास' लिहिलेले असते. १५० पैकी ९० गुण, म्हणजे ६० टक्के, ही उत्तीर्णतेची रेषा. राज्यात राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. २०११ पासूनची प्रमाणपत्रे आता आजीव वैध आहेत, त्यामुळे पूर्वीची सात वर्षांची मुदत उलटली म्हणून कुणाला परत पाठवू नका.

आणि शाळा विनाअनुदानित म्हणून टीईटीतून सूट नाही.

कागद घेताना झेरॉक्सवर विसंबू नका. राज्याच्या टीईटीतील गैरप्रकारानंतर ती घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घेणेच बरे. डी.एल.एड., बी.एड.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका मागा. त्या काळात त्या महाविद्यालयाला त्याच अभ्यासक्रमासाठी एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता होती का, तेही तपासा. गुणपत्रिका माहेरच्या नावाची असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला फाइलला लावा. फाइल अडते ती बहुधा अशाच बारीक कारणावरून.

प्रश्न : बालवाडीच्या ताईंनी सहा महिन्यांचा माँटेसरी कोर्स केला आहे. चालेल?

उत्तर : बालवाडीला टीईटी लागत नाही. पण एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत पूर्व-प्राथमिक शिक्षकाला बारावी ५० टक्क्यांनी आणि मान्यताप्राप्त संस्थेची किमान दोन वर्षांची पूर्व-प्राथमिकची पदविका, किंवा बी.एड. (नर्सरी) सांगितले आहे. सहा महिन्यांचा कोर्स त्यात बसत नाही. ताईंना मदतनीस म्हणून ठेवा आणि पदविकेला बसवा. चारित्र्य पडताळणी मात्र शिपायापासून सगळ्यांची करा. बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ पासून शासनाचा त्यावर विशेष भर आहे.

प्रश्न : २००८ पासून नोकरीत असलेल्यांनाही टीईटी?

उत्तर : हो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सेवा पाच वर्षांहून जास्त उरली असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे आहे. त्याहून कमी उरलेल्यांना नोकरी चालू ठेवता येते, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू आहे का, हा मुद्दा न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.