टेनर बँजो कसा लावावा?

प्रश्न : मी मँडोलिन वाजवतो. आयरिश पारंपरिक संगीताच्या बैठकीसाठी नवा टेनर बँजो कोणत्या सुरांत लावावा?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘द डब्लिनर्स’ या आयरिश लोकसंगीत चमूचे बँजोवादक बार्नी मॅकेना यांच्यामुळे रूढ झालेल्या जी-डी-ए-ई सुरांत लावावा. तो मँडोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली असल्याने बोटांच्या जागा ओळखीच्याच राहतात. मात्र टेनर बँजोच्या मूळच्या सी-जी-डी-ए सुरांसाठीच्या तारा त्यात ढिल्या पडून खरखरतात, म्हणून जाड तारांचा संच घ्यावा. रीलमध्ये (जलद लयीच्या नृत्यधुनेत) एकाच सुरावर मनगटाने झटपट काढलेले तीन आघात हे या वाद्याचे खरे सौंदर्य आहे, पण ते मोजकेच शोभतात. बँजो फिडलला (व्हायोलिनला) सहज झाकून टाकतो, तेव्हा चाल पाठ होईपर्यंत नुसते ऐकावे. गोव्याच्या पावसाळी दमटपणात बँजोच्या तोंडावरचा कातडी पडदा सैल पडतो, प्लास्टिकचाच बसवावा.