वाचकांचे प्रश्न : अंबाबाईचा किरणोत्सव

प्रश्न : कोल्हापूरच्या मंदिरात मावळत्या सूर्याची किरणं थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव तिथीने न येता इंग्रजी तारखेने का येतो? आणि वर्षातून दोनदा का?

उत्तर : तिथी चंद्रावर ठरते, किरणोत्सव सूर्यावर. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी हे परंपरेने मानलेले दिवस. सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या डिसेंबरच्या 21-22 तारखेपासून मागे आणि पुढे मोजले, तर दोन्ही सारख्याच अंतरावर येतात, सुमारे 41 दिवस. दक्षिणेकडे जाताना आणि उत्तरेकडे परतताना सूर्य एकाच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला. ही जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. दहा दिवस उलटले की किरणांची वाट चुकलीच.

प्रश्न : काही वर्षी किरणं देवीच्या कमरेपर्यंतच येऊन थांबतात. मूर्तीची जागा हलली आहे का?

उत्तर : मूर्तीकडे नव्हे, पश्चिमेच्या क्षितिजाकडे बघा. किरणं महाद्वारातून येतात आणि गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतशी ती आडवी होत वर चढतात : आधी चरण, मग गुडघे, कंबर, छाती आणि शेवटी मुख. म्हणजे मुखाला लागणारं ऊन अगदी शेवटच्या मिनिटांचं, सूर्य क्षितिजाजवळ आलेला असतानाचं. एक अंश उतरायला सूर्याला सुमारे साडेचार मिनिटं लागतात, आणि मूर्तीपासून 200 मीटरवरच्या घराची उंची साडेतीन मीटरने वाढली की तेवढाच एक अंश झाकला जातो. एखादा वाढीव मजला, गच्चीवरची पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, एवढंही पुरतं.

शिवाय सूर्य उतरताना थोडा उत्तरेकडे कलतो, म्हणून उजेड देवीच्या डाव्या हाताकडे सरकत जातो. वर चढायला उशीर झाला, तर तो बाजूला निसटतो.

हवेतलं बाष्प, धूळ आणि ढग हे दुसरं कारण. त्यावर कुणाचा इलाज नाही. बांधकामावर मात्र आहे. मंदिराच्या दगडी कामाइतकीच ही पश्चिमेची मोकळी रेषा जपली पाहिजे, ती मंदिराचाच भाग आहे.

प्रश्न : पाहायला किती वाजता पोहोचावं?

उत्तर : कोल्हापुरात नोव्हेंबरच्या त्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, फेब्रुवारीत साडेसहाच्या. खरा सोहळा सूर्यास्ताआधीच्या वीसेक मिनिटांत उरकतो. गर्दी धरून दीड तास आधी आत असा, आणि किरणांच्या वाटेत न थांबता कडेला उभे राहा. पहिल्या दिवशी ढग आले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जा.